चार सायकलींचे मामा

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कामगारांच्या कॅम्पपासून बसस्टॉप तीन किलोमीटर दूर होता. वेल्डर मामांनी भंगारातून चार सायकली उभ्या केल्या होत्या. स्टॉपवर जाणाऱ्याने न्यायची, बसमधून उतरणाऱ्याने परत आणायची. कुणीही, कुठलीही. मी बी.कॉम. झालेला, म्हणून मामा मला 'ग्रॅज्युएट' म्हणत.

"ग्रॅज्युएट, ट्रकवाल्याला तुमची डिग्री दिसत नाही. उतरून रस्ता ओलांडा," हे रोजचं. सायकल परतली, की आधी माणसाकडे बघत, मग ब्रेक तपासत.

एका संध्याकाळी कामावरून परतायला बसमध्ये चढलो, तर पठाण ड्रायव्हर म्हणाला, "तुम्हारा साइकिलवाला मामा खलास."

स्टॉपवर उतरून सायकल घेतली आणि देवाचं नाव घेत कॅम्पात पोहोचलो. मामा खाटेवर बसून बॅग भरत होते!

"व्हिसा खलास, ग्रॅज्युएट. नोकरी संपली. उद्याचं विमान."

सुटकेने मला हसूच फुटलं. मामा हसले नाहीत. बॅगेची चेन त्यांना काही केल्या लागत नव्हती.

"घरी अजून कळवलं नाही. तुम्ही शिकलेले. फोनवर काय बोलू, तेवढं सांगा."

मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो आणि आधी बॅगेची चेन लावून दिली.