घरामागे समुद्र असलेल्यांची चौपाटी

आज माझ्या मामेभावाने डोकं फिरवलंय. घरच्या ग्रुपवर लिहिलं तर आई वाचेल, म्हणून इथे लिहितेय.

हा मालवणहून बायकापोरांसकट दादरला लग्नाला आला होता. “परतताना आत्याकडे नक्की येतो,” असं काल स्वतः म्हणाला. आम्ही ठाकूरद्वारला चौथ्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांमुळे आईला जिने उतरवत नाहीत. माहेरचं माणूस येणार म्हणून तिने आंबोळ्या केल्या, काळ्या वाटाण्याची उसळ केली, वहिनीच्या ओटीसाठी खण-नारळ काढून ठेवला.

संध्याकाळी गाडीतून फोन आला. “टायमच गावलो नाय गो ताई. पोरांका चौपाटी दाखवली, आता सरळ गावाक.”

चौपाटी! आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर! अरे, तुझ्या मागच्या दारी समुद्र आहे. भरतीचं पाणी तुझ्या माडांच्या मुळाशी येतं. आणि तू गिरगावात समुद्र बघायला गेलास?

वर फोटोही पाठवला. सूर्यास्त, भेळ आणि चौघांचे दात.

आईने मोबाईल घेतला, फोटो मोठा केला, समुद्र बोटाने बाजूला सारला आणि त्याच्या चेहऱ्यावर थांबली. “हनुवटी अगदी दादाची,” म्हणाली. दादा म्हणजे तिचा भाऊ, याचे वडील. ते आता नाहीत.

मी म्हटलं, “मे महिन्यात आपणही मालवणला जाऊ, किल्ला बघू आणि याच्या दारावरून परत येऊ.”

“तू खुशाल परत ये,” आई म्हणाली. “मी चार जिने कशीही उतरेन, पण मला त्याच्या दारात सोड.”

आता सांगा, मी चिडू तरी कोणावर?