पाकिटावरची माझी ओळ

आमच्या सणसरच्या बचत गटात सॅनिटरी पॅड तयार होतात. त्यांच्या पाकिटावर गुलाबी, तिरक्या अक्षरांत एक ओळ छापलेली आहे : ‘जिला पाळी तीच बाई, यात कसली लाज बाई!’ ती ओळ माझी. बारामतीच्या मेडिकलमध्ये किंवा इंदापूरला स्टँडाजवळच्या दुकानात पाकीट दिसलं, की पूर्वी मी मुद्दाम थांबायची आणि दुकानदाराला सांगायची, हे मी लिहिलंय बरं का. आता दिसलं तर मी ते उलटं करून ठेवते. दुकानदार पुन्हा सुलटं करतो. त्याचंही बरोबरच आहे.

लिहायचं काम माझ्याकडे यायचं कारण एवढंच, की गटातल्या आठ जणींत बी.ए. मराठी झालेली मी एकटी. अर्ज मी लिहायचा, ठराव मी लिहायचा, कुणाच्या घरी लग्न निघालं तर पत्रिकेचा मजकूरही मीच. शब्दांची हौस होती आणि जिभेला धार होती. या दोन गोष्टी एका बाईत एकत्र आल्या की घरच्यांनी जरा जपूनच राहावं.

पाकीट नवं करायचं ठरलं, तेव्हा मशीन देणाऱ्या कंपनीनं पुण्याहून एक मुलगी पाठवली. पंचविशीची, बारीक कापलेले केस, पायात कोल्हापुरी. गोड होती. पत्र्याच्या शेडमध्ये आमच्याबरोबर मांडी घालून बसली, चहा बशीत ओतून प्यायली. मग तिनं लॅपटॉप उघडून कंपनीनं सुचवलेली ओळ दाखवली : ‘पाळी येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी.’

“व्यक्ती मंजी?” आमच्यातली एक म्हणाली. “पुण्यात बाप्यांना बी येती का काय?”

सगळ्या हसून हसून मशीनवर पडायच्या बाकी राहिल्या. मुलगी लाल झाली, पण मागे हटली नाही. म्हणाली, ताई, पाळी न येणाऱ्याही बायका असतात. कुणाची आजारपणात बंद होते, कुणाला मुळातच येत नाही. आणि काही जणांना पाळी येते, पण ते स्वतःला बाई मानत नाहीत. मग पाळी आली तरच बाई, असं आपण कशाला म्हणायचं?

“उद्या म्हणाल, शेतकरी म्हणू नका, ऊस लावणारी व्यक्ती म्हणा,” मी म्हणाले. “व्यक्ती पंचनाम्यात असती बाई. घरात न्हाय.”

पुन्हा हशा. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मला राग खराच आला होता. आमच्याकडे पाळीला कुणी पाळी म्हणत नसे. कावळा शिवला, अडचण आहे, ती बाहेरची आहे, असं म्हणायचं. पाकीट काळ्या पिशवीतून घरी यायचं. गावोगावच्या शाळांत पोरींपुढे उभं राहून तो शब्द मोठ्यानं म्हणायला मला किती वर्षं लागली, ते माझं मला माहीत. आता कुठे बाई मान वर करून बोलायला लागली, तर ही पोरगी आमच्या पाकिटावरून बाईच पुसायला निघाली, असं मला वाटलं. त्याच झटक्यात मी ओळ रचली आणि म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. पुण्याच्या मुलीनं ती वहीत उतरवून घेतली.

माझी धाकटी बहीणही गटात आहे. ती हसली नाही. कोपऱ्यात बसून पॅडच्या चळती लावत होती. माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

माझ्या बहिणीला पाळी कधीच आली नाही. आज ती अडतीस वर्षांची आहे.

सोळावं लागलं तरी काही चिन्ह नाही, म्हणून आई तिला आमच्या माहेराहून, कन्हेरीहून, बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. माझं लग्न झालेलं होतं, पण त्या दिवशी मी सोबत होते. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, गर्भाची पिशवी जन्मतःच नाही. मुलगी ठणठणीत आहे, बाकी काही बिघाड नाही, पण पाळी येणार नाही आणि मूल होणार नाही. परतताना एसटीत आई एवढंच बोलली, “ह्ये आपल्या तिघींतच ऱ्हाईल.”

पुढच्या महिन्यापासून आईनं तिला बाजूला बसवायला सुरुवात केली.

पडवीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तीन दिवस. शेजारी चुलतीचं घर. चुलती डोकावायची, “बसली व्हय गं?” म्हणायची, आणि आईचा जीव भांड्यात पडायचा. आई कोरी फडकी धुवायची आणि चुलतीच्या अंगणातून दिसतील अशा बेतानं जुन्या साडीखाली वाळत घालायची. पण आई साधी बाई, खोटं बोलायची सवय नाही. पहिल्या वर्षी तिनं तारीखच हलवली नाही. दर महिन्याच्या दहा तारखेला पोरगी पडवीत. शेवटी चुलतीच म्हणाली, “तुझ्या लेकीचं लई नेमाचं बाई. घड्याळ लावल्यावानी.” तेव्हापासून आई कधी दोन दिवस अलीकडे, तर कधी चार दिवस पलीकडे करू लागली.

आणि खरं वाटावं म्हणून एका दिवाळीत ऐन लक्ष्मीपूजनाला तिला बाहेर बसवलं. नवा ड्रेस घालून पोरगी पडवीच्या कडेला बसून राहिली, आत आरती चाललेली. मी माहेरी आलेली होते. प्रसाद मी तिला लांबून दिला, वरून हातात टाकला, चुलती बघत होती म्हणून. आईचा मला आजही राग येतो तो त्या दिवाळीचा. माझा त्याहून जास्त येतो.

तेविसाव्या वर्षी तिला डाळजला दिली. आईनं लपवलं आणि मीही लपवलं. नवऱ्याला वर्ष-दीड वर्षात सगळं कळलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं गावभर बोंब मारली नाही. आमचं पटत नाही, एवढंच सांगून तिला कन्हेरीला आणून सोडली. लोक कारण शोधणारच, म्हणून आई तर आणखीच काटेकोर झाली. एक महिना चुकवला नाही. बहीणही मुकाट्यानं चटई उचलून पडवीत जायची. आपलेच दात, आपलेच ओठ. ती कुणाला काय सांगणार?

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना मला माझीच शरम वाटते. इतकी वर्षं हे इतक्या नेमानं चाललं, की मीच विसरून गेले. डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या बाकावर मी बसले होते, माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि तरी विसरले. महिन्यातून एकदा तिचा फोन यायचा, “आक्का, म्या बसलेय. तीन दिवस येत न्हाय.” गटातल्या आणखी दोघी-तिघीही घरच्यांमुळे बसतात, तशीच हीही, असं मी धरून चालले. मी तिला रागवायची, अगं आपण पॅड विकतो आणि तू कसली बसतेस, आणि हजेरीत रजा मांडायची. एकदा तर मी तिला विचारलं होतं, “पोट दुखतंय का गं लई?”

ती म्हणाली होती, “थोडं.”

त्यामुळे ओळ रचताना ती माझ्या मनात आलीच नाही. मुद्दाम दुखवलं असतं तर पाय तरी धरता आले असते.

पाकिटं छापून आली. पॅकिंग बहिणीकडे. बॅच आणि तारखेचा पांढरा स्टिकर पाकिटाच्या मागच्या बाजूला लावायचा असतो. त्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेले तर तिनं स्टिकर पुढे लावलेले, नेमके त्या ओळीवर. एखाद्या पाकिटावर नाही, सकाळपासूनच्या सगळ्या पाकिटांवर. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले.

“डोळं फुटलं का तुझं? पुढं काय लिवलंय ते वाचता येत न्हाय?”

“येतं की वाचता,” ती म्हणाली. आणि खाली मान घालून एकेक स्टिकर नखानं सोलायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या नखांचा तो खरखर आवाज ऐकत मी तिथंच उभी राहिले. बाकीच्या म्हणाल्या, जाऊ द्या, माणूस हाय, चुकायचंच. मी मान हलवली.

संध्याकाळी तिला कन्हेरीची गाडी पकडून द्यायला गेले. रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, धुरळा उडत होता. मी म्हणाले, मला माफ कर, माझ्या डोक्यातच आलं नाही.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “त्या पोरीची ओळ बरी हुती आक्का. म्या आयकून मनात म्हनलं, कुनीतरी बोललं. आन् तू हसलीस. समद्यांच्या आदी हसलीस.”

मी म्हणाले, मी ओळ बदलून घेते.

“कारन काय सांगशील?”

गाडी आली, ती चढून बसली. एरवी माझ्या तोंडाला तोंड देणारी बाई तालुक्यात नाही म्हणतात.

तरी दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन लावला. म्हटलं, तुमचीच ओळ घेऊ या. मुलगी बिचारी गोंधळली. म्हणाली, ताई, पुढच्या सहा महिन्यांची पाकिटं छापून झालीत, आणि तुमची ओळ ऑफिसात सगळ्यांना फार आवडलीय. अचानक काय झालं? तिला खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, कदाचित सणसरात कुणाला कळलं नसतं इतकं. पण ते माझं सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, काही नाही, सहज.

मग तिनंच बातमी दिली. जाहिरातीसाठी व्हिडिओ करायचे ठरले होते. गटातल्या बायका ‘माझी पहिली पाळी’ सांगणार, ते फोनवर सगळीकडे फिरणार. गटाचे फोटो बघून कंपनीनं पहिल्या व्हिडिओसाठी माझ्या बहिणीला निवडलं होतं. चेहरा बोलका आहे म्हणे.

तिनं नाही म्हणावं तर बाकीच्या सहा जणी विचारणार, का गं? आणि हो म्हणावं तर काय सांगणार? मी तिला म्हणाले, त्या दिवशी आजारी पड. “किती येळा आजारी पडू?” ती म्हणाली.

पुण्याची मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन आली. शेडच्या दारात उजेडाला खुर्ची मांडली. मागे पाकिटांची भिंत रचली, म्हणजे ओळ नीट दिसेल. बहीण अबोली रंगाची साडी नेसून आली होती. पदर सारखा करून बसली आणि बोलायला लागली. एकदाही अडखळली नाही.

“म्या आठवीत हुते. शाळंतनं येताना वाटंत कळलं. भ्याले. दप्तर मागं धरून घरी आले. आई दारात कांदं निवडत बसली हुती. तिनं नुसतं बगितलं, आन् हातातला कांदा टाकून मला पोटाशी धरलं.”

मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. ते दप्तर माझं होतं. कांदे माझ्या वेळचे होते. आठवीत मी होते. ती तेव्हा आठ वर्षांची, उंबऱ्यावर बसून टकामका बघत होती. मला स्वतःला न आठवणारं तिला आठवत होतं. आईच्या हाताला कांद्याचा वास येत होता, हे तिनं सांगितलं. न्हाऊ घातलं, वाटीत गूळखोबरं दिलं, दुसऱ्या दिवशी कासारणीला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या, हे सांगितलं. सांगताना तिचा हात मनगटाकडे गेला.

“तितं शेजारची येक बारकी पोर हुती,” ती म्हणाली. “ती लागली रडाय. मला बी बांगड्या पायजेत, मला बी खोबरं पायजे. मग आईनं तिला मांडीवर घेतलं. म्हनली, रडू नगं, तुजी येळ आली की तुला बी.”

कन्हेरीला आमच्या शेजारी बारकी पोर कधीच नव्हती.

“किती गोड!” पुण्याची मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मग तिला मिळालं का नंतर?”

“काय की बाई,” बहीण हसून म्हणाली. “ती लोकं गाव सोडून गेली.”

सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या. बहीण खुर्चीवरून उठली, चुरगळलेला पदर तिनं झटकला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

“ताई, आता तुमची,” मुलगी मला म्हणाली. “तुम्ही तर लेखिका. तुमची पहिली पाळी कशी आली, सांगा ना.”

मी खुर्चीवर बसले. समोर आठ-नऊ चेहरे, त्यांत तिचा. आता ती माझ्याकडे बघत होती.

“मला काय आठवत न्हाय,” मी म्हणाले. “तिचंच घ्या.”