अळ्यांना देवी टोचणारे साडू

आमच्या साडूंचा माणसांवर विश्वास नव्हताच. होता तो अळ्यांवर, आणि तोही रोज सकाळी त्या मोजून झाल्यावर. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, धंतोलीत भाड्याने राहायचे. मागच्या व्हरांड्यात मच्छरदाणी टांगून तिच्यात त्यांनी ऐनाच्या फांद्यांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पाळल्या होत्या. दूधवाला मच्छरदाणीकडे टक लावून बघतो, म्हणून त्याला फाटकाबाहेरूनच दूध घालायला लावलं. मलेरियाचे फवारणीवाले आले की हे दारात आडवे. मग फवारणी न करता नुसती भिंतीवर तारीख लिहून जा, यावर तडजोड व्हायची. पाहुण्याचा आधी वास घेत. अंगाला पावडर असली तर चहा अंगणात. शेजारीण उदबत्ती लावते ती देवासाठी नाही, आपल्या अळ्या मारायला लावते, असं त्यांचं पक्कं मत होतं.

आता त्या अळ्यांचं ते करत काय होते? तर देवी टोचत होते! रोगाने मेलेली अळी पाण्यात कालवायची, ते पाणी अगदी पातळ करायचं आणि बारीक सुईने जिवंत अळ्यांना टोचायचं. काही मरत. ज्या उरत, त्यांचा वंश पुढे चालवायचा. "आपल्यासारखं रक्त नाही तिले," ते सांगायचे, "पण सोसलेलं दुखणं तिचं अंग विसरत नाही. अन् जिचं अंगच कच्चं, तिचा वंश राहत नाही." आम्ही सगळ्यांनी टिंगल केली. मी जरा जास्तच.

त्या वर्षी तिसरी पिढी वाढत होती, साठ अळ्या, अजून टोचायच्या होत्या. मी कृषी खात्यात. फिरतीवर कुहीकडे गेलो, तर एका कोसा पाळणाऱ्याच्या झाडांवर अळ्या माना टाकून उलट्या लटकलेल्या. एक बोटांनी काढून पाहिली. लिबलिबीत, घाण वास. हात रुमालाला पुसले आणि संध्याकाळी थेट साडूंकडे आलो. हात धुतले का, त्यांनी विचारलं. दिवसभराच्या फिरतीने जीव मेटाकुटीला आलेला, म्हणालो धुतले. त्यांनी मला फांद्या बदलू दिल्या. हा मान त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आक्कालाही कधी मिळाला नव्हता.

चार-पाच दिवसांत इकडच्या अळ्याही लटकू लागल्या. साडू पेटले. दूधवाला झाला, शेजारीण झाली, फवारणीवाले झाले, आणि शेवटी संशय आला आक्कावर, कणकेच्या हाताने मच्छरदाणी उचलली म्हणून. नवरा-बायकोचं बोलणं बंद. आक्का आमच्याकडे येऊन रडली. "मी काहून मारीन वं त्याईच्या अळ्या?" ती माझ्या बायकोला विचारत होती. मी पेपरात तोंड घालून बसलो. लाज वाटत होती.

शेवटी नऊ उरल्या. मी कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. सुरुवात म्हणून विचारलं, माझा नाही का संशय आला? ते हसले.

"तुमचा काहून येईल? तुम्ही तं हात धुतले होते."

आणि वही पुढे केली. 'रोग बाहेरून आला. कारण कळले नाही.' खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. विश्वासाचं दुसरं माणूस नाही, म्हणाले. मी सही केली.

पुढच्या वर्षी त्या नऊंच्या वंशाला त्यांनी सुई टोचली, आणि बहुतेक सगळ्या तगल्या. तेवढा आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आता साडू नाहीत. त्यांना शेवटपर्यंत फसवलं, ही बोच काही केल्या जात नाही. आक्का मात्र त्यांच्यावर कधीची निवळली आहे. परवा चहा देताना सहज म्हणाली, "त्याईचंच खरं असंल, भाऊजी. माह्याच हातानं गेल्या असतील त्या."