बाभळीचं कुळ

सेलूच्या शाळेत मी गणित शिकवायचो, माझ्या शेजारी राहणारे एक सर जीवशास्त्र. त्यांना जिथं तिथं कुटुंब दिसायचं. सूर्याचं कुटुंब, भाषांचं कुटुंब, आमच्या स्टाफरूमचंसुद्धा. वर्गात बाभळीची फांदी उंच धरून म्हणायचे, "तूर, हरभरा, बाभूळ, सगळी एकाच कुळातली. काटे हायेत म्हणून ती परकी होत न्हाई, पोरांनो." चित्रकलेच्या सरांच्या डब्यातली तिळाची चटणी ते रोज हक्कानं खायचे.

नामांतराच्या दंगलीत चित्रकलेच्या सरांचं बौद्धवाड्यातलं घर जाळलं. संध्याकाळी बायको आणि लेकीला घेऊन ते जीवशास्त्राच्या सरांच्या दारात उभे राहिले. मी शेजारच्या ओट्यावर होतो.

"आत फॅमिली हाय, सर," जीवशास्त्राचे सर फाटकाआडूनच म्हणाले. "सगळी गल्ली बघायलीय. तुमी समजून घ्या."

मग त्यांनी तांब्या आणला आणि लेकीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. ती प्याली. तिघं स्टेशनकडं निघून गेली. जीवशास्त्राच्या सरांनी तांब्या आत नेला नाही, अंगणातच राखेनं घासला.

शाळा पुन्हा उघडली, तेव्हा पलीकडच्या वर्गातून त्यांचा आवाज आला. "काटे हायेत म्हणून ती परकी होत न्हाई, पोरांनो."

आवाज जरासुद्धा कापत नव्हता.