आयलिफ बोगद्यातली वायर उपटायचा

आमचा आयलिफ गेला, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये कॉफीच्या वेळी त्याचा साहेब हाल्वर्ड उभा राहिला नि म्हणाला, "आयलिफच्या काळात बोगद्यात कधी बिघाडच झाला नाही." लोकांनी माना डोलावल्या. गुनवोरनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, केकची सुरी खाली ठेवली. वर्षाला बारा बिघाड आयलिफ स्वतःच्या हातानं करायचा, आणि त्यापायी ह्याच हाल्वर्डनं त्याला लेखी तंबी दिली होती. पण मेल्यावर माणूस फार गुणी होतो बघा.

बोगदा समुद्राखालून जातो, बेटावरून पलीकडच्या किनाऱ्याला. आत भिंतीत चौदा पेट्या, एकेकीत एकेक स्विच, म्हणजे निरोप पुढं ढकलणारं यंत्र. पंखे, कॅमेरे, मदतीचे फोन, सगळं त्यांना जोडलेलं, आणि स्विच एकमेकांना गोल जोडलेले. गोल कशाला, तर एका बाजूनं वायर तुटली तर निरोप दुसऱ्या बाजूनं जातो. पण गोल पुरता मोकळा सोडला की निरोप फिरतच राहतो, थांबतच नाही, नि गर्दी होऊन सगळंच ठप्प. आमच्या बेटाचा रस्ता पण असाच गोल. शेजारच्या बोर्गहिल्डनं सकाळी सोडलेली बातमी संध्याकाळी तिच्याच दारात परत येते, नि ती म्हणते, "अगं बाई, खरंच?" नि पुन्हा पुढं सांगते. म्हणून गोलात एक दार मुद्दाम बंद ठेवायचं. ते चौदाव्या आणि पहिल्या पेटीच्या मधलं, त्याला पिवळा दिवा. कुठं तुटलं की पापणी लवायच्या आत ते दार आपोआप उघडतं, दिवा हिरवा होतो. कुणाला पत्तासुद्धा लागत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आयलिफ आत जायचा, एक वायर उपटायचा, नि दार उघडतंय का बघायचा. मग वायर परत लावायची. पण गोल काही लगेच विश्वास ठेवत नाही. वायर खरंच धड आहे ना, म्हणून पाच मिनिटं थांबतो, मग दार बंद करतो. तेवढ्या पाच मिनिटांत आयलिफचा तपकिरी चीजचा पाव नि कॉफी व्हायची.

हाल्वर्ड शहरातून नवीन आला, तो संगणकाच्या पडद्यासकट आला. पडद्यावर सगळं हिरवं पाहिजे म्हणे.

"आयलिफ, वर्षात बारा बिघाड. बाराही तू केलेस."

"करून बघितले."

"दुसऱ्या कुणी केला एक तरी?"

"नाही."

"म्हणजे बोगद्यात बिघाड एकच आहे, आणि तो डबा घेऊन कामाला येतो."

लेखी तंबी आली नि उपटणं बंद झालं. वरून हाल्वर्डनं पडद्यावरच्या बारीक बिघाडांच्या पिवळ्या सूचनाही लपवून टाकल्या, नोंद स्वच्छ दिसावी म्हणून. पडदा असा हिरवागार झाला की गाई चराव्यात.

सात महिन्यांनी आयलिफ चौदाव्या पेटीजवळ पंख्याचं काहीतरी बघायला गेला. बघतो तर पिवळा दिवा हिरवा! म्हणजे कुठंतरी तुटलंय. शोधत गेला. सहावी नि सातवीच्या मध्ये वायरवर खारं पाणी ठिबकून गंज चढलेला, त्यानं ती खाऊन तोडलेली. कधीपासून, देव जाणे.

तो सोमवार. शनिवारी बोगद्याला दहा वर्षं झाली म्हणून आतून पळायची शर्यत होती. चारशे माणसं, पायी.

"तुटलंय तर चालतंय कसं?" हाल्वर्ड म्हणाला.

"तुटलं तरी चालावं म्हणूनच गोल असतो."

"मग चालतंय की!"

"अरे, आता गोल उरला नाही. अजून एक तुटली की मधल्या पेट्या आंधळ्या. पंखा नाही, फोन नाही."

"जोडायचं तर बोगदा दीड दिवस बंद. शर्यतीच्या आठवड्यात? लोक मला कच्चा खातील. नंतर बघू."

"माझी बायको पळणार आहे त्यात."

"मग सांग तिला, जोरात पळ."

गुरुवारी सकाळी आत एकही गाडी नाही हे आयलिफनं कॅमेऱ्यात दोनदा बघून घेतलं. मग दहाव्या नि अकराव्या पेटीच्या मधली वायर उपटली. सातवी ते दहावी, चार पेट्या गेल्या. पडदा लाल. पेटी दिसेनाशी झाली की बोगद्याच्या दोन्ही तोंडांना फाटक पडतं, नियमच आहे.

हाल्वर्डचा फोन आला. "काय केलंस तू!"

"दुसरी तुटली. आता दिसतंय का?"

"वेड लागलंय तुला? जोड आधी!"

"ही मी जोडतो. पहिली तू माणसं आणून जोड. तोवर ही माझ्या हातातच राहू दे."

शहरातून माणसं शुक्रवारी आली. शर्यत एक आठवडा पुढं गेली. बायकांनी भाजलेले तीनशे गोड पाव वाया गेले, आणि बेटानं आयलिफशी बोलणं सोडलं. बोर्गहिल्डनं तर बातमी गोलात दोनदा फिरवली. हाल्वर्डनं त्याला बोगद्यातून काढून बंदराच्या धक्क्यावरचे दिवे पुसायला लावलं.

पुढच्या शनिवारी आयलिफ फाटकाबाहेर उभा. त्याला आत जायची बंदीच होती. पळणारे बाहेर यायला लागले. लाल तोंडांचे, घामाघूम. हाल्वर्ड मुद्दाम त्याच्याजवळ आला.

"बघितलंस? काहीसुद्धा झालं नाही. आठवडा फुकट घालवलास."

"नाही झालं," आयलिफ म्हणाला.

गुनवोर आली, शेवटून तिसरी, कमरेवर हात ठेवून.

"सातव्या पेटीपाशी पंखा चालू होता का?" त्यानं विचारलं.

"इथं मी मरतेय, नि ह्याला पंखा! केस सारखे डोळ्यात जात होते, म्हणजे असणारच."

त्यानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, नि मागचे दोघं बाहेर यायची वाट बघत तिथंच उभा राहिला.