चुकांची रांग

माझे मामा बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे. ज्या माणसाला तोंड उघडायचाच कंटाळा, त्याला नेमकं तिथे बसवायची अक्कल कुणाला सुचली, देव जाणे. ‘पुढची गाडी कधी?’ असं विचारलं की मामा भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवायचे आणि पुन्हा पंख्याकडे बघत बसायचे. पण समोरचा काही चुकीचं बोलला की त्यांना राहवायचं नाही. ‘गाडी गेली वाटतं,’ असं कुणी नुसतं पुटपुटलं तरी आतून ताबडतोब यायचं, “चूक. पंक्चर काढतायत.” गावाने हे बरोबर हेरलं होतं. चौकशी करायची म्हणजे खिडकीशी जाऊन काहीतरी ठोकून द्यायचं आणि खरं काय ते ऐकून घ्यायचं. मामांना सगळे चूकमामा म्हणायचे.

घरीही तीच तऱ्हा. मी लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलो, त्यामुळे हे रोज पाहिलंय. मीठ बेताचं पडलं तर मामा मुकाट जेवायचे, कमी पडलं तर “चूक.” मामी वैतागायची. “लग्न केलंय का परीक्षेला बसलेय, तेच कळत नाही मला,” म्हणायची.

भूकंप झाला तेव्हा मामा कामावर होते. स्थानकात कुणीतरी “भूकंप, भूकंप!” म्हणून ओरडलं आणि सगळे बाहेर पळाले. मामांना त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नसावं. ते बसून राहिले. वरचा स्लॅब खाली आला.

मी आणि मामी धावत पोहोचलो तोवर अर्धं गाव मदतीला लोटलं होतं. कुणी घमेली आणली होती, कुणी चादरी, एकाने तर घरची शिडी आणली होती आणि ती कुठे लावायची हे तो दिसेल त्याला विचारत फिरत होता. तासाभराने बाहेरगावाहून मशीन घेऊन बचाव पथक आलं. त्याच्या प्रमुखाने सगळ्यांना गप्प केलं आणि एका फटीशी वाकून हाक मारली, “आत कोणी आहे का?” उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही.

“इथे कोणी नाही,” प्रमुख उठत म्हणाला. “मशीन पलीकडच्या इमारतीकडे घ्या.”

मामीने त्याची बाहीच धरली. “अहो, असं विचारल्यावर ते कसले बोलतायत! सरका जरा.” तिने फटीला तोंड लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आत कोणी नाही हो!”

खालून आवाज आला, “चूक.”

मशीन जागीच थांबलं. फटीतून एक पाइप आत सरकवला. पथकातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डोक्याला मार असणार, त्यांना झोप लागू देऊ नका. बोलतं ठेवा.” स्लॅब उचलायला संध्याकाळ होणार होती. तेवढा वेळ मामांना बोलतं ठेवायचं, म्हणजे गावाने तेवढा वेळ चुकत राहायचं.

गावाने कसर ठेवली नाही. पाइपापाशी रांग लागली. गणिताच्या बाई पाढा उलटासुलटा म्हणून गेल्या. पोस्टमनने बँकेचा पत्ता स्मशानाचा म्हणून सांगितला. न्हावी म्हणाला, “माझ्या हातून आजवर कुणाला कापलं नाही.” खालून “चूक” आलं तेव्हा तो हिरमुसला, कारण बिचारा मनापासून बोलला होता. मग नगरसेवक आले. त्यांना रांगेत उभं करायची कुणाची हिंमत नव्हती. पाइप हातात घेऊन ते म्हणाले, “या स्थानकाचं छप्पर आमच्याच काळात अगदी मजबूत बांधलं गेलं.”

“चूक,” छपराखालून मामा म्हणाले. तो त्या दिवसातला त्यांचा सगळ्यात ठणठणीत आवाज होता.

शिडीवाल्याने मात्र घोळ घातला. पाइपाशी जाऊन म्हणाला, “आज ऊन फार आहे.” ऊन खरंच फार होतं. खाली शांतता पसरली. लोक त्याच्या अंगावर धावून गेले. “अरे, खरं बोलून जीव घेशील त्यांचा!” प्रमुखाने तेव्हापासून रांगेत एक माणूस उभा केला. तो प्रत्येकाची चूक आधी तपासून घ्यायचा.

दुपार कलली तसा मामांचा आवाज बारीक होत गेला. ‘चूक’ उशिरा यायला लागलं. मग येईनासं झालं. बाईंचे पाढे वाया गेले, पोस्टमनचे पत्ते संपले. मी मामा-मामीच्या लग्नाचा वार मुद्दाम चुकवून पाहिला, तरी काही नाही.

मामीने माझ्या हातातून पाइप ओढून घेतला. ती रडतही होती आणि संतापलीही होती. “अहो, ऐकताय का? आयुष्य गेलं माझं तुमच्यापाशी. मी मेले काय नि जगले काय, तुम्हाला कधी फरक पडला नाही!”

हे तिने तपासनिसाला विचारून म्हटलं नव्हतं. तिला तसंच वाटत होतं, हे मला माहीत होतं.

मग अगदी खोलातून, ओढत ओढत, “चूक.”

“बोला बाई, पुढचं बोला,” प्रमुख घाईने म्हणाला. पण मामीला बोलवेना. ती पाइप छातीशी धरून नुसती बसून राहिली. रांगेतलं कुणी पुढे आलं नाही. कुणीही काही चुकीचं बोललं नाही, बरोबरही बोललं नाही.

तेव्हा पाइपातून मामांचा आवाज आला. “अगं, आहेस ना?”

मामांनी कधी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“आहे,” मामी म्हणाली.

“तुला कुठे लागलं नाही ना?”

स्लॅब उचलून त्यांना बाहेर काढेपर्यंत मामा विचारत राहिले आणि मामी उत्तरं देत राहिली.