बोटांना सापडणारी बटणं

जगन्नाथ सर गेल्याचं कळलं तेव्हा मी कापूरहोळच्या माझ्या दुकानात एका प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होते. सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. ‘सुनीता, सर गेले गं,’ एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा पिऊन, शर्ट घालून ते कामाला निघाले होते आणि वेल्ह्यातल्या राहत्या खोलीच्या उंबऱ्यातच खाली बसले... ते उठलेच नाहीत. मी कागद काढला, प्रिंटर ज्याचा त्याला दिला, शटर ओढलं आणि निघाले. वाटेत रडू आलं नाही. ते आठवड्याने आलं, दुकानात, एका ग्राहकाला चार्जर दाखवताना.

सर मूळचे भोंगवलीचे. भोरला टंकलेखनाच्या वर्गात शिकवायचे. बारावीनंतर वडिलांनी मला तिथं घातलं, तेव्हा त्यांची माझी पहिली भेट. पुढे संगणक आले, वर्ग बंद पडला, आणि त्याच सुमाराला काचबिंदूने सरांचे दोन्ही डोळे गेले. दोन वर्षं ते घरात बसून होते. मग काकूंनीच निर्णय घेतला आणि दोघं वेल्ह्याला, काकूंच्या माहेरगावी राहायला आले. मी तोवर संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पडद्यावरचं सगळं वाचून बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, ते एका जुन्या लॅपटॉपवर घालून मी सरांना दिलं. महिन्याभरात तहसील कचेरीसमोर, एका दुकानाच्या ओसरीवर टेबल मांडून ते लोकांना अर्ज लिहून द्यायला लागले. शेजारी काकू बसायच्या, लोकांनी आणलेले कागद वाचून दाखवायला. सातबाराच्या उताऱ्यावर नाव चुकलंय, शेतावर जायची पाणंद अडवलीय, पेन्शन थांबलीय... डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं यायची. सर आधी सगळं ऐकून घ्यायचे, बांधावरच्या भांडणापासून सुनेच्या माहेरापर्यंत. मग म्हणायचे, ‘हे झालं मनातलं. आता सायबानं काय करावं, तेवढं एका वाक्यात सांगा.’ माणूस विचार करायचा आणि नेमकं सांगायचा. त्यांचे अर्ज एका पानाच्या वर कधी गेले नाहीत.

पाच-सहा वर्षांनी तो लॅपटॉप पार थकला. सरांनी स्वतःच्या कमाईतून नवीन घ्यायचं ठरवलं. एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप मी काउंटरवर शेजारी शेजारी मांडले. एक जुन्या घडणीचा, जाडसर, वजनदार. दुसरा त्याचाच नवा अवतार, नुकताच आलेला. सरांनी दोन्हींवर हात फिरवला. जुन्याची बटणं मध्ये फट ठेवून बसवलेली, प्रत्येकाला आपला खळगा. नव्याची जवळजवळ एका पातळीत आणि सगळ्यात वरच्या ओळीतली बटणं काढूनच टाकलेली. तिथं काचेची सपाट पट्टी, बोट लागलं की चालणारी.

‘हा,’ सर जुन्यावर हात ठेवून म्हणाले.

मी त्यांना समजवायला लागले. जुना आता बनायचा बंद होणार, सुटे भाग मिळणार नाहीत. नव्याची बॅटरी दुप्पट चालते, वेल्ह्यात वीज जाते तेव्हा तुमचं काम अडणार नाही. वजनाला निम्मा, काकूंना पिशवीत वागवायला सोपा. यातलं काहीही खोटं नव्हतं. पट्टीचं काय, असं सरांनी विचारलं. ‘सवय होईल,’ मी म्हणाले. ज्यांनी मला कळफलक शिकवला त्यांना मी हे सांगत होते, आणि ते सांगताना मला जराही अवघडल्यासारखं झालं नाही. सरांनी जुन्यावरचा हात उचलला. ‘यातलं तुला कळतं,’ म्हणाले आणि नवा घेऊन गेले.

महिनाभर फोनवर ‘चाललंय’ एवढंच उत्तर यायचं. मग एका मंगळवारी ठकुबाई नावाची धनगराची म्हातारी त्यांच्याकडे आली. दोन तास डोंगर उतरून, मग एसटीने. नवऱ्यामागे जमिनीला तिचं नाव लागायचं राहिलं होतं आणि त्या दिवशी तिला कचेरीत तारखेला बोलावलं होतं. अर्ज निम्मा झाला असताना सरांचं बोट त्या पट्टीला लागलं आणि लॅपटॉपचा आवाज गेला. बोलणं बंद म्हणजे त्यांच्यापुढचा पडदाच विझला. आवाजाचं बटण चाचपायला गेले तर काचेवर बोट टेकताच भलतंच काही चालू व्हायचं. काकू पट्टीवरची चित्रं वर्णन करून सांगायच्या, सर बोट न्यायचे, ते घसरायचं. टेबलाभोवती माणसं जमली. कोणीतरी हसलं. अर्धा तास असा गेल्यावर ठकुबाई म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या बाबा. तुमी नका तरास करून घिऊ. म्या दुसरीकडनं ल्हिवून घेते.’ दुसरीकडे रांग होती. अर्ज होण्याआधीच कचेरीत तिचा पुकारा होऊन गेला, पुढची तारीख पडली.

दुसऱ्या दिवशी सर काकूंना घेऊन, एक एसटी बदलून दुकानात आले. लॅपटॉप काउंटरवर ठेवला. सर माझ्यावर रागावलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

‘सुनीता, तुला दिसतं. तू आधी बटण शोधतेस, मग दाबतेस. मी बोट लावून शोधतो. याच्यावर शोधलं की दाबलंच जातं. मग मी शोधायचं कसं?’

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढून घेतला.

‘त्या बाईला मी सांगितलं, माझी चूक झाली. ती म्हणाली, तुमची कसली चूक, यंत्राची हाय. पण चूक यंत्राचीही न्हाई. मला माहीत होतं, तरी मी तुझं ऐकलं.’

काकू मध्ये पडल्या. ‘अहो, तिनं चांगल्यासाठीच सांगितलं.’

‘व्हय, चांगल्यासाठीच,’ सर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. मी चहा मागवला.

जुन्या घडणीचा लॅपटॉप एव्हाना माझ्याकडचाही विकला गेला होता आणि बाजारातूनही गेला होता. मी ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना फोन केले. अकरा दिवसांनी साताऱ्याकडच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात नुसता दाखवायला ठेवलेला एक निघाला. तो मी स्वतः जाऊन आणला आणि वेल्ह्याला पोचवला. नवा मी ठेवून घेतला. सरांनी टेबलावर जुन्या घडणीचा उघडला, हात ठेवले आणि पहिला अर्ज ठकुबाईचाच लिहिला. पुढच्या तारखेला तिचं नाव लागलं. तिने सरांना घोंगडीची घडी आणून दिली. ती खुर्चीवर अंथरून ते बसायचे. त्यानंतर चार वर्षं, जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, त्यांनी त्याच लॅपटॉपवर काम केलं. मी दर दिवाळीला जाऊन आतली धूळ काढायचे. ते माझ्याशी पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. मीच एकदा काढला, तर म्हणाले, ‘अगं, ठकुबाईचं काम झालं ना?’

तेराव्यानंतर दोन आठवड्यांनी काकूंनी बोलावलं. मला वाटलं, लॅपटॉप विकायचा असेल. तर काकू म्हणाल्या, ‘लोकं अजून येतात गं. कागद मला वाचता येतात, काय लिहायचं तेही इतक्या वर्षांत कळलंय. बोटं तेवढी चालत न्हाईत. शिकव.’ त्यांना साठ पूर्ण झालीत. मी लॅपटॉप उघडला, आणि इतकी वर्षं धूळ काढूनही जे लक्षात आलं नव्हतं ते तेव्हा दिसलं. बटणांवर एकही अक्षर उरलं नव्हतं. सगळी झिजून काळी, गुळगुळीत झाली होती. सरांना अक्षरांची गरजच नव्हती.

‘अक्षरं कुठं गेली?’ काकूंनी विचारलं.

‘नाहीत, काकू.’

काकूंनी पदराने हात पुसले आणि टेबलावर ठेवले. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मी एका बटणावरच्या, न बघता बोटाला सापडणाऱ्या बारीक उंचवट्यावर टेकवलं. त्यांनी ते दाबलं. लॅपटॉप बोलला, ‘र.’ काकूंनी बोट उचललं नाही. परत दाबलं.